कर्नाटकातून आणलेला जुना ट्रॅक्टर आपल्या नावावर करायचा म्हणजे काय काय

अक्कलकोट, मंगळवेढा, जत या पट्ट्यात कारखाने सुरू झाले की कुठल्याही रस्त्याला जरा वेळ उभं राहा, उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्यांत केए २८ नाहीतर केए ३२ पाटीचे ट्रॅक्टर दिसणारच, आणि त्यातले बरेचसे आता तिकडच्यांचे नाहीत, आपल्याच लोकांचे आहेत. विजापूर, गुलबर्ग्याकडून जुना ट्रॅक्टर आणायचा हे आपल्याकडे नवीन नाही, सोयरिकी तिकडे, बाजार तिकडे, भाषा येते, मग ट्रॅक्टर पण तिकडचाच. हल्ली तर पंजाब, हरियाणाचे पण लॉरीवर चढवून आणतात. आणणं सोपं आहे हो. पण आणल्यावर पाच पाच वर्षं आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, नाव त्या जुन्या मालकाचंच राहतं आणि कुणाला काही वाटत पण नाही, हे मला खरंच खटकतं. आमच्या दाजींनी सीमेपलीकडून एक ४५ एचपीचा घेतला, त्याची सगळी कागदं मी केली, तेव्हापासून गावातले लोक तेच तेच विचारतात म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, पाचशेच्या बॉन्डवर लिहून घेतलं, नोटरी केली, चार साक्षीदार आले, पैसे मोजले, ट्रॅक्टर दारात आला, म्हणून ट्रॅक्टर तुमचा झाला असं कायदा म्हणत नाही. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली हेच स्पष्ट सांगितलंय, त्या केसमध्ये गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकत गेली होती पण आरसीवर नाव पहिल्याचंच होतं, आणि अपघाताची भरपाई कोर्टाने त्या पहिल्यावरच लावली. म्हणजे विकणाऱ्याने जास्त घाबरायला पाहिजे. पण आपल्याकडे विकणारा पैसे मिळाले की निवांत आणि घेणारा ट्रॅक्टर मिळाला की निवांत, दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे नसतं.

आणि घेणाऱ्याला पण त्रास काय कमी नाही. नावावर नसलेल्या ट्रॅक्टरवर बँक कर्ज देत नाही, विम्याचा क्लेम अडकतो, कारखान्याशी वाहतुकीचा करार करायचा तर आरसी कुणाच्या नावावर हे बघतात, आणि उद्या विकायचा झाला तर त्या जुन्या मालकाच्या परत पाया पडायला जायचं. तोवर तो माणूस गाव सोडून गेला असला किंवा वारला असला तर मग बघायलाच नको.

आता घेण्याआधी काय बघायचं. आपण लोक आधी इंजिनचा आवाज ऐकतो, टायर बघतो, हायड्रॉलिक उचलून बघतो, हे सगळं बरोबरच आहे पण त्याच्या आधी आरसी हातात घ्या आणि चासी नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. इंजिन नंबर पण. जुन्या ट्रॅक्टरला माती, ग्रीस आणि रंग इतके बसलेले असतात की नंबर दिसत नाही, तर डिझेलने पुसून घ्या, लाजू नका. आरटीओत त्या चासी नंबराची पेन्सिल प्रिंट लागते, म्हणजे नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यायचा, तो ठसा नीट उठला नाही किंवा एखादा आकडा परत कोरल्यासारखा दिसला तर इन्स्पेक्टर तिथंच थांबवतो. इंजिन बदललेलं असेल आणि त्याची नोंद आरसीवर नसेल तर तेही तिकडच्या मालकाकडूनच आधी नीट करून घ्या, इकडे आल्यावर ते तुमच्या गळ्यात.

दुसरं म्हणजे आरसीवर कुठल्या बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आहे का. विकणारा सांगतो, हप्ते कधीच फिटले. फिटले असतील, पण बोजा आपोआप निघत नाही, त्याला बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो आणि तो आरटीओत जाऊन उतरवून घ्यावा लागतो. तो उतरवल्याशिवाय पुढचं काही होत नाही. फायनान्स कंपनीने ओढून आणलेला ट्रॅक्टर यार्डातून घेत असाल तर आणखी एक पायरी, आधी कंपनीने स्वतःच्या नावावर आरसी करून घ्यायची असते, तो फॉर्म ३६, आणि मग तुमच्या नावावर. यार्डातला माणूस फक्त एक डिलिव्हरी लेटर देऊन "घेऊन जा" म्हणतो, त्या लेटरवर ट्रॅक्टर नावावर होत नाही.

मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकून बघा, विमा कधीपर्यंत, नोंदणी कधीपर्यंत, बोजा आहे का, बरंच दिसतं. नंबर टाकल्यावर काहीच आलं नाही तर सावध व्हा. जुन्या वह्यांतल्या नोंदी सगळ्या ऑनलाइन चढलेल्या नाहीत, त्याला बॅकलॉग म्हणतात, आणि ती एंट्री मूळ आरटीओच करू शकतं, इकडचं करू शकत नाही. तेलंगणाची तर सिस्टीमच बरीच वर्षं वेगळी होती, तिकडून घेणाऱ्यांना हा त्रास जास्त. ई-चलन बाकी असलं तरी काम अडतं, ते पण बघून घ्या.

आणि एक, अनुदानावर घेतलेला ट्रॅक्टर आहे का ते विचारा. अनुदानाच्या योजनांत ठराविक वर्षं विकायचा नाही अशी अट असते, ती मुदत संपली नसेल तर तो व्यवहारच नको.

हे सगळं बरोबर निघालं की मुख्य कागद येतो तो एनओसी. फॉर्म २८. एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, अर्ज मालकाने करायचा, आणि तो देण्याआधी ते लोक तिकडचा टॅक्स भरलेला आहे का, बोजा आहे का, गाडीवर पोलीस केस आहे का हे बघतात. चोरीची गाडी नाही हा एनसीआरबीचा (देशभरातल्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारं केंद्राचं खातं) रिपोर्ट ऑनलाइन निघतो, तो आपण स्वतः पण काढून बघावा, ट्रॅक्टर घेण्याआधीच. एनओसी कुठल्या आरटीओच्या नावाने पाहिजे ते अर्जात नीट लिहायचं, म्हणजे तुम्ही सोलापूरचे असाल तर एमएच १३, अकलूजच्या हद्दीत असाल तर एमएच ४५. माळशिरस तालुक्यातला माणूस जिल्हा सोलापूर म्हणून सोलापूरच्या नावाने एनओसी आणतो आणि मग परत जायची वेळ येते. आपलं गाव कुठल्या ऑफिसच्या हद्दीत येतं ते आधी विचारून घ्या.

कायद्यात एक चांगली तरतूद आहे जी फारशी कुणाला माहीत नाही. एनओसीचा अर्ज दिल्यावर ३० दिवसांत त्यांनी लेखी नाही म्हणून कळवलं नाही तर ती दिली असंच धरलं जातं. म्हणून अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा. दाजींच्या वेळेला तिकडच्या ऑफिसात आज या उद्या या चाललं होतं, पण पोच हातात होती म्हणून आम्हाला बोलायला तोंड होतं. विकणारा माणूस सज्जन होता, प्रत्येक वेळी आला, सही केली, त्याचे खूप उपकार आहेत. सगळेच असे मिळत नाहीत म्हणून मी सगळ्यांना सांगतो की थोडे पैसे मागे ठेवा. एनओसी हातात आली की राहिलेले द्यायचे, असं बॉन्डवरच लिहा. विकणारा जर म्हणाला की नाही, आताच सगळे पाहिजेत आणि एनओसी नंतर बघू, तर मी तरी तो ट्रॅक्टर घेणार नाही, कितीही चांगला असला तरी.

पैशावरून आठवलं, रोखीत २ लाख किंवा त्याच्या वर घेता येत नाहीत, इन्कम टॅक्सच्या कायद्यात पैसे घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे. बँकेतून द्या, आरटीजीएस करा, उद्या भांडण झालं तर तोच पुरावा. शेतकऱ्याने शेतकऱ्याला विकला तर जीएसटीचा विषय येत नाही, जीएसटी नंबर असलेल्या डीलरकडून घेतला तर त्याला त्याच्या नफ्यावर जीएसटी भरावा लागतो, तो तुमच्या किमतीत धरलेला असतो, पण बिल मागा.

आता सगळ्यात जास्त घोळ कुठे आहे तर ते "वर्षभर चालतं" या वाक्यात. मला प्रत्येक जण हेच सांगतो, अरे दुसऱ्या राज्याची पाटी वर्षभर चालते. चालते, पण कुणाला? ज्याची स्वतःची गाडी आहे आणि तो ती घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला गेला, त्याने १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवीन नंबर घ्यायचा असा तो नियम आहे, कलम ४७. तुम्ही तर ट्रॅक्टर विकत घेतलाय. मालक बदलला की कलम ५० लागतं, त्यात घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आपल्या आरटीओला कळवायचं असतं, आणि विकणाऱ्याने दुसऱ्या राज्यातल्याला विकला असेल तर ४५ दिवसांत एनओसी, आणि ती हातात आली नसेल तर अर्जाची पोच, घेणाऱ्याच्या आरटीओकडे पोचवायची असते. ही दोन कलमं वेगळी आहेत आणि लोक पहिल्याच्या हिशेबाने दुसऱ्याचं बघत बसतात.

इकडच्या आरटीओत लागणारे मुख्य फॉर्म म्हणजे २७ (नवीन नंबरसाठी), २९ (विक्रीची नोटीस, दोन प्रती), ३० (नावावर करायचा अर्ज). २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या लागतात, त्या एनओसीच्या वेळेलाच घेऊन ठेवा, सही आरसीसारखीच पाहिजे. बाकी मूळ आरसी, एनओसी, विमा, आधार, पॅन, फोटो, पेन्सिल प्रिंट. फी परिवहनच्या वेबसाइटवर ऑनलाइन भरायची, मग ट्रॅक्टर इन्स्पेक्शनला न्यायचा. ट्रॅक्टर धुऊन न्या, चासी नंबर दिसेल असा, लाइट आणि इंडिकेटर चालू पाहिजेत, मागे रिफ्लेक्टर लावा. रिफ्लेक्टर फक्त इन्स्पेक्शनपुरते लावू नका बरं का, रात्री उसाच्या ट्रॉलीमागे मोटारसायकल घुसून पोरं गेल्याच्या बातम्या दर सीझनला वाचतो आपण.

एजंटाचं विचाराल तर लावा किंवा नका लावू, मी लावला नाही. पण लावला तरी कोणता कागद कशासाठी हे स्वतःला माहीत पाहिजे आणि सरकारी फीची पावती स्वतः बघितली पाहिजे.

आता टॅक्स, ज्याची लोकांना उगीच भीती आहे. महाराष्ट्रात गाड्यांचा टॅक्स १९५८ च्या कायद्याने लागतो आणि त्यात फक्त शेतीच्या कामाला वापरायच्या ट्रॅक्टरला सूट आहे. म्हणूनच ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या नावावर करताना सातबारा मागतात. सातबारा आणि आठ अ ताजा काढून ठेवा आणि नाव आधारशी जुळतंय का बघा, दाजींच्या सातबाऱ्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं तेवढ्यावरून प्रतिज्ञापत्र करावं लागलं. सातबारा वडिलांच्या नावावर आणि ट्रॅक्टर पोराच्या नावावर असं असेल तर आधीच चौकशी करा, मी तर सांगेन ज्याच्या नावावर जमीन त्याच्याच नावावर ट्रॅक्टर घ्या, भानगड नको.

केंद्राच्या नियमांत शेती ट्रॅक्टर हा नॉन ट्रान्सपोर्ट धरलाय, म्हणजे त्याला परमिट नाही, फिटनेसच्या फेऱ्या नाहीत. पण हे सगळं शेतीसाठी आहे तोवर. वाळू, मुरूम, विटा, खडी भाड्याने ओढायला लागलात की तो धंदा झाला. मग ट्रान्सपोर्टमध्ये नोंदणी, टॅक्स, आणि फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. लोक म्हणतात कोण बघतंय. आरटीओचा माणूस रोज बघत नाही हे खरं, पण विमा कंपनी अपघात झाल्यावर सगळं बघते. २००७ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, ट्रॅक्टर शेतीसाठी म्हणून विमा उतरवलेला, पण वीटभट्टीसाठी माती वाहताना ट्रॉलीवरचा मजूर जखमी झाला, आणि कोर्टाने सांगितलं की हे शेतीचं काम नाही त्यामुळे विमा कंपनीची जबाबदारी येत नाही. तिथे तो मजूर गरीब म्हणून कोर्टाने कंपनीला आधी पैसे द्यायला लावले आणि मालकाकडून वसूल करायची मुभा दिली. म्हणजे शेवटी ते मालकाकडेच आलं. टॅक्सचे चार पैसे वाचवायला गेलं आणि जमीन विकायची वेळ आली असं कुणाचं होऊ नये म्हणून एवढं लिहितोय. ज्यांचं मुख्य उत्पन्नच भाड्याच्या वाहतुकीवर आहे त्यांनी सरळ व्यावसायिक नोंदणी करावी असं माझं मत आहे.

विम्याचं अजून थोडं. ट्रॅक्टर नावावर झाला की १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, कायद्याने आपोआप तुमच्याकडे येतो पण तुमच्या स्वतःच्या ट्रॅक्टरच्या नुकसानीचा क्लेम नाव बदलल्याशिवाय मिळत नाही. विमा नसताना पकडलं तर पहिल्यांदा २,००० आणि नंतर ४,००० दंड आहे, पण दंडाचं सोडा, अपघात झाला तर काय हा खरा प्रश्न आहे. मडगार्डवर माणूस बसवायचा नाही. ट्रॅक्टरला सीट एकच असते, ड्रायव्हरची, मडगार्डवरच्या माणसाला काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. आपल्याकडे बायकापोरांना मडगार्डवर बसवून जत्रेला नेतात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो.

ट्रॉली. ट्रॉली ही वेगळी गाडी आहे, तिची वेगळी नोंदणी असते आणि वेगळा नंबर असतो. तिकडून ट्रॅक्टरबरोबर ट्रॉली पण आणली असेल तर तिची पण एनओसी पाहिजे. गावच्या वर्कशॉपला बनवलेल्या बऱ्याच ट्रॉल्यांना नोंदणीच नसते, अशी ट्रॉली ट्रॅक्टरसोबत "फुकट" मिळते म्हणून आनंद मानू नका. विम्यात ट्रॉलीचा उल्लेख आणि प्रीमियम आहे का ते बघा, ट्रॉलीमुळे अपघात झाला की कंपनीचा पहिला मुद्दा हाच असतो.

मूळ मालक वारलेला असेल तर बॉन्डवर पोराची सही घेऊन चालत नाही. आधी वारसाच्या नावावर ट्रॅक्टर व्हायला पाहिजे, त्याला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, आणि मग त्या वारसाकडून तुम्हाला. तीन भाऊ असतील तर तिघांचं एकमत आहे का हे पैसे देण्याआधी बघा. सीमाभागात मी स्वतः बघितलेलं एक प्रकरण याच्यावरूनच अडकलंय, ट्रॅक्टर एका भावाने विकला, दुसरा सही देत नाही, घेणारा बिचारा मधल्या मधे.

नवीन नंबर मिळाला की हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते, ट्रॅक्टरसाठी महाराष्ट्रात ४५० रुपये अधिक जीएसटी असा दर ठरला होता. प्लेट लावून घ्या, पेंटरकडून लिहिलेला नंबर चालत नाही.

काही जण विचारतात परदेशातून जुना मोठा ट्रॅक्टर आणता येईल का, यूट्यूबवर व्हिडिओ बघून. वापरलेली गाडी आयात करायची तर ती बनून ३ वर्षांपेक्षा जास्त झालेली नको, स्टिअरिंग आपल्या पद्धतीचं पाहिजे, आणि ती मुंबई बंदरातूनच आणायची, असे नियम आहेत, वर कस्टम ड्युटी आणि नोंदणीला कस्टम क्लिअरन्सचे कागद. आपल्या देशात जगात सर्वात जास्त ट्रॅक्टर बनतात, ते सोडून त्या वाटेला जायचं साध्या शेतकऱ्याला काही कारण नाही.

शेवटचं, नोंदणीची मुदत. नॉन ट्रान्सपोर्ट गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि ती पहिल्या नोंदणीपासून मोजतात, महाराष्ट्राचा नवीन नंबर मिळाला म्हणून १५ वर्षं परत पहिल्यापासून सुरू होत नाहीत. कर्नाटकात १४ वर्षं झालेला ट्रॅक्टर घेतला तर वर्षभरात नूतनीकरण आलंच, फॉर्म २५, परत इन्स्पेक्शन, आणि ते पुढच्या ५ वर्षांसाठीच. मुदत संपून गेलेला असेल तर उशिराचे महिन्याला ५०० रुपये वेगळे लागतात, तीन चार वर्षं तसाच पडून असलेला ट्रॅक्टर घेतला तर हीच रक्कम वीस हजारांच्या आसपास जाते. विकणारा हे सांगत नाही, त्यामुळे दर ठरवायला बसाल तेव्हा आरसीवरची ती तारीख समोर ठेवा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.